वाटेवरचे आचार्य

पालीच्या वर्गात पहिल्या तासाला मी व्याकरणाला हात लावत नाही. मज्झिमनिकायातल्या १४५व्या सुत्तातली पुण्णाची गोष्ट सांगतो. पुण्ण बुद्धांकडे येतो आणि म्हणतो, मला थोडक्यात काही सांगा, ते घेऊन मी एकटा राहीन. बुद्ध खरोखरच थोडक्यात सांगतात. डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, जिभेला लागते, त्यातले जे जे हवेसे वाटते त्याला मन चिकटले की दुःख उगवते. चिकटले नाही की मावळते. पाठ संपला. मग चौकशी होते, राहणार कुठे? पुण्ण सांगतो, सुनापरांतात.

खरी परीक्षा इथून सुरू होते. सुनापरांतातली माणसे तापट आणि तोंडाने फटकळ. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणतो, भली माणसे आहेत असे समजेन, अजून हात तरी उगारलेला नाही. हात उगारला तर? ढेकळे तरी मारत नाहीत. ढेकळांवरून काठीवर, काठीवरून शस्त्रावर प्रश्न चढत जातात आणि शेवटी जिवावर येतात. पुण्णाचा सूर हलत नाही. तेव्हा बुद्ध म्हणतात, एवढा संयम असेल तर तू तिथे राहू शकशील.

वर्गातले कोणी ना कोणी हमखास म्हणते, ‘सर, हा तर इंटरव्ह्यू झाला.’ झालाच. पण त्यात काय विचारले नाही तेही पाहा. कोणते सुत्त शिकवणार, कोणत्या भाषेत, ऐकायला किती जण येतील, खर्चाचे काय, यातले काहीच नाही. परदेशी निघालेल्या शिक्षकाला एकच गोष्ट विचारली : तुझ्या मनाचे तिथे काय होईल? धम्म शिकवायला निघालेल्या माणसाच्या मानसशास्त्राचा हा पहिला उतारा, आणि माझ्या मते आजवरचा सगळ्यात नेमकाही. सुत्ताच्या शेवटी आणखी एक बारीक नोंद आहे. त्याच वर्षावासात पुण्णाने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तयार केल्या, आणि त्याच वर्षावासात त्याला स्वतःलाही अंतिम ज्ञान झाले. शिकवायला गेला तेव्हा त्याचे स्वतःचे शिकणे पुरे झालेले नव्हते. ते सुनापरांतात पुरे झाले.

सुनापरांत कुठला? अट्ठकथेत, म्हणजे पाली टीकेत, पुण्ण मूळचा व्यापारी आहे आणि संस्कृत दिव्यावदानात त्याचे गाव शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे. ब्रह्मदेशातली परंपरा मात्र हा प्रदेश आपल्याकडेच होता असे ठामपणे सांगते. या भांडणात मी पडत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवतो की १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी ज्या टेकाडाखालचा स्तूप उकरून काढला, त्याला सोपाऱ्याचे लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत होते. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे ज्या गावात सापडले त्या गावाला पुण्ण आठवत नव्हता, बुरूड राजा आठवत होता. ही विस्मृती आपल्या विषयाचाच एक भाग आहे. तिच्याकडे पुढे येईन.

ज्या अभ्यासक्षेत्राच्या दारात ही प्रस्तावना उभी आहे त्याला अजून सर्वमान्य नाव नाही. बौद्ध साधना आणि तिच्यामागचे मनाचे शास्त्र शिकवण्यासाठी माणसे आपला मुलूख सोडून गेली, त्यांचा आणि त्या जाण्यामुळे शिकवणुकीचे काय झाले त्याचा हा अभ्यास आहे. इतिहासवाले याला धर्मप्रसार म्हणतात. भाषावाले भाषांतराचा इतिहास म्हणतात. मानसशास्त्र विभागातल्या मंडळींना यात फक्त माइंडफुलनेस दिसतो. तिघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. माझे म्हणणे साधे आहे. ग्रंथ गाठोड्यात बांधून पाठवता येतो, साधना मात्र माणसाच्या अंगावरूनच जाते. म्हणून या विषयात तो माणूस कसा चालला, काय खाल्ले, कुठे अडला, कोणत्या शब्दाला ठेचकाळला, हे तळटीपेत टाकण्याजोगे तपशील नाहीत. तोच विषय आहे.

विनयपिटक या दृष्टीने वाचले तर ते प्रवाशांच्या अडचणींचे दप्तर वाटू लागते. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर साठ भिक्खूंना दिशोदिशी पाठवले, एका वाटेने दोघांनी जायचे नाही असे बजावून. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्या पुढचे पान मात्र फारसे कोणी सांगत नाही. दूरदूरच्या गावांतले लोक दीक्षा घ्यायला तयार झाले की भिक्खू त्यांना बुद्धांकडे घेऊन येऊ लागले, आणि तेवढ्या पायपिटीने दोघेही थकून जाऊ लागले. तेव्हा बुद्धांनी सांगितले, जिथे असाल तिथे तुम्हीच दीक्षा द्या. अधिकाराचे एवढे मोठे विकेंद्रीकरण झाले ते पाय दुखले म्हणून.

याहून बोलका प्रसंग अवंतीचा, म्हणजे आपल्या शेजारचा. महाकच्चान तिथे राहत होते आणि सोण कुटिकण्ण त्यांचा शिष्य. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण दीक्षेला, दहा भिक्खू लागत. अवंतीत ते गोळा व्हायला तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धांच्या दर्शनाला निघाला तेव्हा आचार्यांनी त्याच्याबरोबर मागण्यांची यादीच दिली. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत, पाचांत उपसंपदा होऊ द्या. आमच्याकडची जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, जाड तळाच्या वहाणा चालू द्या. आमच्याकडे लोक आंघोळीला महत्त्व देतात, वारंवार स्नान करू द्या. कातड्याची अंथरुणे वापरू द्या. सगळ्या मागण्या सीमेवरच्या प्रदेशांसाठी मंजूर झाल्या. दख्खनच्या ढेकळांतून उन्हाळ्यात चाललेल्या कोणालाही वहाणांचे कलम पटेल. शिकवण दुसऱ्या मुलखात गेली की आधी तिचे जोडे बदलतात, तत्त्वज्ञानाची पाळी नंतर येते.

आता मनाच्या शास्त्राकडे. ते अभिधम्मात आहे. पुढे अनुरुद्धाचार्यांच्या अभिधम्मत्थसंगहात ८९ चित्ते आणि ५२ चेतसिकांची आखीव मांडणी मिळते. नव्या वाचकाने मात्र तिथून आरंभ करू नये, धीर सुटतो. आरंभ करावा बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गाच्या तिसऱ्या परिच्छेदापासून. बुद्धघोष स्वतः पाचव्या शतकात भारतातून अनुराधपुरास गेलेले, म्हणजे आपल्याच यादीतले. या परिच्छेदात शिक्षकाने शिष्याचा स्वभाव कसा ओळखावा याचे वर्णन आहे. राग (म्हणजे आसक्ती), द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क अशी सहा चरिते सांगितली आहेत. रागचरिताचा माणूस अलगद, सारखी पावले टाकतो. द्वेषचरिताचा माणूस पायाच्या चवड्याने जमीन उकरल्यासारखा चालतो. दोघांच्या हाती केरसुणी दिली तर एक शांतपणे सारखे झाडतो. दुसरा ती घट्ट धरून खराखरा आवाज करत दोन्हीकडे धूळ उडवतो आणि केर तसाच राहतो. कोण कसे जेवते, कसे अंथरूण घालते, हेही आहे. मग ज्याचे जसे चरित तसे त्याला चाळीस कम्मट्ठानांपैकी, म्हणजे ध्यानविषयांपैकी, एक द्यायचे.

हे वाचून हुरळून जाणाऱ्यांसाठी बुद्धघोषांनी पुढेच एक वाक्य ठेवले आहे. त्याचा आशय असा की हे सारे ना पालीत आहे ना अट्ठकथेत. केवळ आचार्यांचे मत म्हणून दिले आहे, तेव्हा त्यावर पूर्ण विसंबू नका. त्यापेक्षा शिष्याला विचारा. पंधरा शतकांपूर्वीचा एक ग्रंथकार आपल्याच निरीक्षणांची पत किती ते प्रामाणिकपणे सांगतो. आजच्या व्यक्तिमत्त्वचाचण्या विकणाऱ्यांनी हे पान एकदा पाहावे.

त्याच परिच्छेदात साधकाच्या वाटेतले दहा पलिबोध, म्हणजे अडथळे, मोजले आहेत. राहते ठिकाण, ओळखीची कुटुंबे, लाभ, शिष्यगण, बांधकाम, प्रवास, नातलग, आजारपण, ग्रंथ आणि ऋद्धी. यादी पुन्हा वाचा. शिष्य, प्रवास आणि ग्रंथ! गावोगाव फिरून शिकवणारा विद्वान म्हणजे तीन अडथळे खांद्यावर घेऊन चाललेला माणूस. परंपरेने त्याला पाठवले आणि पाठवताना हेही सांगून ठेवले की तुझ्या साधनेचे यात नुकसान आहे. पुण्णाच्या त्या शेवटच्या नोंदीचे मोल या यादीवरून कळते.

या क्षेत्रात येणाऱ्या मराठी वाचकाला एक जास्तीची अडचण आहे आणि तीच त्याची जमेची बाजूही आहे. परक्या भाषेत शब्द नसतो म्हणून भाषांतरकार अडतो. आपल्याकडे शब्द असतो म्हणून आपण अडतो. पाच खंधच घ्या. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचही शब्द मराठी मुलाला शाळेतच येतात आणि पाचही चुकीचे येतात. रूप म्हणजे देखणेपण. वेदना म्हणजे दुखणे. संज्ञा म्हणजे परिभाषेतला शब्द. संस्कार म्हणजे आईवडिलांनी लावलेले वळण. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा. पालीत रूप म्हणजे सारी भौतिक बाजू, वेदना म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, सञ्ञा म्हणजे ओळख पटणे, सङ्खार म्हणजे मनाची घडवणारी हालचाल आणि विञ्ञाण म्हणजे जाणीव. एकदा एका खेड्यातल्या विहारात मी वेदनेचे तीन प्रकार सांगत होतो, सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘सर, वेदना सुखाची कशी आसंल? बाळंतपण केलंय का कधी?’ सगळा विहार हसला. मी तो तास तिथेच थांबवला, कारण त्यांचे बरोबर होते. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींनी आपल्या हिंदी शिबिरांत ‘वेदना’ सोडून ‘संवेदना’ घेतला, तो काही उगाच नव्हे.

उपेक्षेचे तसेच. पालीतली उपेक्खा हा चौथा ब्रह्मविहार, मनाचा समतोल. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. शतकानुशतके ज्यांच्या वाट्याला हेळसांडच आली त्यांच्या वस्तीत जाऊन ‘उपेक्षा भावना वाढवा’ असे म्हणणाऱ्याने आधी आपला शब्दकोश तपासावा. आसव या शब्दाला लोक हसतात, त्यांना द्राक्षासव आठवते. पण इथे अट्ठकथाकारच त्यांच्या बाजूचे आहेत. फार दिवस मुरलेल्या मद्यासारखे, म्हणून आसव, अशीही व्युत्पत्ती त्यांनी दिली आहे.

सगळ्यात अवघड शब्द सति. संस्कृतात स्मृती. पण ज्या समाजात आज बौद्ध साधना मराठीतून शिकवली जाते, तिथे स्मृती म्हटले की मनुस्मृती पुढे येते आणि तिच्यामागोमाग २५ डिसेंबर १९२७चे महाड. म्हणून कोणी जागरूकता म्हणतात, कोणी सजगता. मला स्वतःला ‘भान’ आवडतो. घरातला शब्द आहे, ‘भान ठेव’ हे आईसुद्धा म्हणते. पण त्यालाही एक काटा आहे. कीर्तनात रंगलेल्या माणसाचे कौतुक करताना आपण म्हणतो, देहभान विसरला. वारकऱ्याची जी धन्यता, नेमकी तीच सतिपट्ठानाच्या साधकाची चूक ठरते. त्याला देहाचे भान क्षणभरही सोडायचे नसते. एकाच शब्दात दोन साधनामार्ग पाठीला पाठ लावून बसले आहेत. हा फरक इंग्रजीतून शिकलेल्याला कधी जाणवणार नाही. मराठी अभ्यासकाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

शब्दांची ही झटापट नवी नाही. चिनी भाषेत बौद्ध ग्रंथ नेणाऱ्या सुरुवातीच्या आचार्यांत आन शिगाओ हा पार्थियाचा माणूस होता. तो १४८ साली लोयांगला पोचला. त्याने काय निवडले? आनापानाचे, म्हणजे श्वासावरच्या साधनेचे, आणि खंध-आयतन-धातूंचे ग्रंथ. महाकथा नाहीत, स्तोत्रे नाहीत; आधी साधना आणि तिचे मानसशास्त्र. त्यानंतर चार शतकांनी उज्जैनचे परमार्थ समुद्रमार्गे दक्षिण चीनला उतरले, ५४६ साली. त्यांनी अभिधर्मकोश आणि विज्ञानवादाचे ग्रंथ चिनीत आणले. पण देशात बंडाळी माजली होती. आश्रयदाते बदलत होते. परमार्थ गावामागून गाव हलत राहिले. परत फिरायला जहाजात बसले तर वाऱ्याने जहाज पुन्हा चीनच्याच किनाऱ्याला आणून टाकले. ५६८ साली ते जीव द्यायला डोंगरावर गेले आणि शिष्यांनी त्यांना परत आणले. पुढच्या वर्षी ते वारले. चित्ताच्या थरांचा एवढा मोठा जाणकार, आणि परमुलखात त्याचेही मन मोडले. फिरत्या आचार्यांच्या गौरवगाथा लिहिताना ही गोष्ट बहुधा गाळली जाते. ती गाळू नये. पुण्णाला विचारलेले प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारलेले नव्हते, हे परमार्थांच्या चरित्रावरून कळते.

खर्चाचे काय, हा प्रश्न बुद्धांनी विचारला नाही असे मी वर म्हटले. पुढच्यांना तो विचारावा लागला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे २४० झाले. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशोब चोख आहे. ‘धम्म विकायचा नसतो’ हे खरेच, पण तो शिकवणाऱ्याच्या अंगावरचे वस्त्र कोणाच्या तरी व्याजातून येत असते. शिबिरांच्या शुल्कावरून आज जे वाद होतात त्यांत पडण्यापूर्वी हा लेख वाचावा.

आपल्या काळाकडे येताना मी थांबणार आहे तो धर्मानंद कोसंबींपाशी, कारण हे सगळे क्षेत्र एका माणसात पाहायचे असेल तर दुसरे नाव मला सुचत नाही. गोव्यातल्या साखवाळला १८७६ साली जन्म. शाळा बेताची. ‘बालबोध’ मासिकातले बुद्धचरित्र वाचून मनाने घेतले आणि १८९९च्या अखेरीस घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे करत १९०२ साली सिंहलद्वीप आणि तिथून ब्रह्मदेश. बुद्ध जिथले, तिथे बुद्धाचे शास्त्र शिकवणारा कोणी उरला नव्हता. समुद्र ओलांडून ते परत आणावे लागले. फिरत्या आचार्यांनी एके काळी जे बाहेर नेले, ते परत आणायला हा फिरता विद्यार्थी गेला.

पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहून वर्षाला एक पुस्तक लिहिण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले. कोसंबींनी कलकत्त्याची अधिक पगाराची नोकरी सोडून ते घेतले. १९१० साली हार्वर्डचे बोलावणे आले, विसुद्धिमग्गाच्या पाठशुद्धीसाठी. जो माणूस तो ग्रंथ सिंहली आणि ब्रह्मी परंपरांत बसून शिकला होता, तो आता ग्रंथालयात बसून पाठभेद लावू लागला. तिथल्या प्रा. लानमन यांच्याशी श्रेयावरून बिनसले आणि ते परतले. पुढे पुन्हा गेले, एकूण चार वेळा. मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ पाली शिकवली आणि त्यातून पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे शिष्य निघाले. १९२९ साली लेनिनग्राडला जाऊन आले. १९३७मध्ये परळच्या गिरणगावात कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती छापून आली १९५० साली, कोसंबी सेवाग्रामला वारले त्याला तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती.

माझ्या विद्यार्थ्यांना हार्वर्डचे अप्रूप वाटते. मला परळचे वाटते. हार्वर्डला पाठभेद लावणारा आणि परळला कामगारांशी बोलणारा माणूस एकच होता, आणि कुठलेही एक काम दुसऱ्यापेक्षा खालचे आहे असे त्याला वाटले नाही. मराठीत पालीविद्या रुजली त्याचे कारण हे. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मवृत्त १९२४ साली पुस्तकरूपाने आले. या क्षेत्रातल्या नवागताने पहिले पुस्तक म्हणून तेच घ्यावे. त्यात अभिधम्म जवळजवळ नाही, पण अभिधम्म मिळवायला किती उपाशी राहावे लागते ते आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर आठ आठवड्यांतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवशी इंग्रज भिक्खू संघरक्षित योगायोगाने नागपुरात होते. शोकाकुल वस्त्यांमधून त्यांनी चार दिवस भाषणे केली. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे शिष्य लोकमित्र पुण्यात आले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले. दुसरीकडून ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ साली मुंबईत आले. डोकेदुखीवर उपाय म्हणून ते १९५५मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, आणि हे गुरू सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख अधिकारी होते. इगतपुरीचे धम्मगिरी, पुढे तिहार तुरुंगातली शिबिरे, आणि २००९मध्ये गोराईचा पॅगोडा. वसईच्या खाडीच्या उत्तरेला सोपाऱ्याचा स्तूप आणि दक्षिणेला ब्रह्मी घाटाचा पॅगोडा. सुनापरांत कोणाचा यावर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना ही बाब आवडायला हरकत नाही.

गोएंका गुरुजींनी एक नवी गोष्ट केली तिचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. सहायक आचार्य नेमले आणि सूचना व प्रवचने ध्वनिमुद्रित करून ठेवली. आता आचार्य प्रवास करत नाहीत, आवाज करतो. २०१३ साली ते गेले, तरी रोज कुठे ना कुठे त्यांचाच आवाज साधकाला आनापान शिकवतो आहे. शिकवण शुद्ध राहावी म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि तिचे फायदे उघड आहेत. पण आवाजाला समोरच्याची केरसुणी दिसत नाही. बुद्धघोषांनी ज्याला शिष्याला विचारणे म्हटले, ते काम सहायक आचार्याच्या दुपारच्या काही मिनिटांवर येऊन पडते.

त्याहून मोठा प्रश्न जाण्याचा नाही, निघून येण्याचा आहे. विनयात नवा भिक्खू निदान पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहतो. आज आचार्य शनिवारी विमानाने उतरतात आणि रविवारी रात्री परत जातात. १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेला माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम कित्येक आठवड्यांचा होता, तोही आता मोबाइलवर दहा मिनिटांत मिळतो. मौनात बसलेल्या माणसाचे जुने दुःख उसळून वर येते तेव्हा हाक मारायला कोणी नसेल, तर त्या शिकवणीला मी अर्धवट म्हणेन. आणि गावाबाहेरून आलेल्या, हिशोब देण्यास कोणाला बांधील नसलेल्या गुरूने अधिकाराचा गैरवापर केल्याची उदाहरणे सर्व परंपरांत आहेत. तीही आपल्या अभ्यासाचा भाग आहेत. भक्तिभावाने येणाऱ्यांचे स्वागत आहे, पण डोळे मिटून येऊ नये.

या सगळ्यात ज्यांचे नाव कोणत्याच ग्रंथात येत नाही असे आचार्य महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य. दिवसा नोकरी किंवा शेती, आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव. नामकरण, मंगलपरिणय, पुण्यानुमोदन, आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन, दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे. वेदना म्हणजे काय, हे त्यांनी लोकांना मराठीत सांगितले, विद्यापीठांनी सांगण्याच्या कितीतरी आधी. सोपारे पुण्णाला विसरले तसे आपण त्यांना विसरायच्या बेतात आहोत, आणि तेही त्यांची मुले-नातवंडे हयात असताना.

काही वर्षांपूर्वी एका दिवंगत बौद्धाचार्यांच्या घरी मला त्यांची वही पाहायला मिळाली. तारीख, गाव, विषय, श्रोते किती, एसटीचे भाडे किती. एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘वेदना म्हटले की बाया रडतात. दुसरा शब्द शोधणे.’ मला त्या विहारातल्या आजी आठवल्या. नातवाने सांगितले, अशा अकरा वह्या आणखी होत्या, घराला रंग काढताना रद्दीत गेल्या.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी माळ्यावर अशी वही असेल, तर ती जपून ठेवा, जवळच्या पाली विभागाला किंवा ग्रंथालयाला दाखवा, आणि देणे जमत नसेल तर निदान पानांचे फोटो काढून ठेवा.